आकारामसाठी प्रार्थना

हाक आली आणि प्रसेनजीतनं मान वळवली नाही, खरं तर एवढंच झालं. गुरुवार होता, दुपारचे बारा वाजत आलेले. दसरा चौकाजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून तो वडिलांना घेऊन बाहेर पडत होता. आबांच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, मोतीबिंदू काढून तीन दिवस झाले होते, आणि त्याचा दंड घट्ट धरून ते पायानं पायरी चाचपत उतरत होते. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून, रिक्षांच्या आणि सायकलींच्या गलक्यातून वाट काढत ती हाक आली. "ओ आकारामण्णा! थांबा की वो, आकारामण्णा!" त्यानं हाक ओळखली. आबांना म्हणाला, "जपून, अजून एक पायरी आहे." पायऱ्या संपल्या होत्या, पुढं सपाट रस्ता होता, आणि आबांचा पाय अधांतरी जाऊन दणकन खाली आला. तोवर यल्लव्वा समोर येऊन ठाकली होती. साठी ओलांडलेली, निपाणीकडची, कपिलतीर्थ मार्केटात कोथिंबीर-मिरची-लिंबं विकणारी बाई. डोक्यावर रिकामी बुट्टी, तोंडभर हसू. दर रविवारी शाहूपुरीतल्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये ती बायकांच्या सतरंजीवर पहिल्या ओळीत बसते आणि गाण्यात सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढं असते.

"ह्येच न्हवं का वडील?" ती म्हणाली. बायका पुरुषासारखंच बोलतात तिकडं, तसंच तीही बोले. "काय वो मामा, बरा हाय का डोळा? मी रोज मागतोय बगा देवाजवळ, तुमच्या डोळ्यासाठी."

"कोण पाहिजे तुम्हाला?" प्रसेनजीत म्हणाला. आवाज कचेरीतला होता, टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायचा.

"आं?"

"मी आकाराम नव्हे. चुकलात तुम्ही."

यल्लव्वा त्याच्याकडं बघत राहिली. फार वेळ नाही. एक रिक्षा भोंगा वाजवत जाईपर्यंत. मग तिनं बुट्टी डोक्यावरून काढून कमरेला लावली. "व्हय, चुकलं बगा पावणं," ती म्हणाली. "आमच्यातला एकजन हाय, डिट्टो तुमच्यासारखा. वय झालं आता, दिसत न्हाय." आणि ती गेली. रिक्षातून जाताना बिंदू चौक मागं पडला तेव्हा आबा म्हणाले, "बाई रडत गेली काय रं?" तो म्हणाला, काय की, आपण कुठं ओळखतो. "आवाज तसा आला," आबा म्हणाले. डोळे अधू झाल्यापासून म्हाताऱ्याचे कान भलतेच तिखट झाले होते.

कळंब्याच्या रस्त्याला त्याच्या दोन खोल्या होत्या. आबांना कॉटवर निजवून, डोळ्यात थेंब घालून तो मोरीत गेला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला. मी आकाराम नव्हे. सहा वर्षांत त्या बाईशी तो पुष्कळ बोलला होता, तिच्या हातची भाकरी खाल्ली होती, तापानं फणफणला असताना तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती, आणि ह्या सगळ्या काळात तिच्याशी तो एकच वाक्य खरं बोलला ते आज, भर रस्त्यात, तिला झिडकारताना. तो आकाराम नव्हताच. तो प्रसेनजीत यल्लाप्पा कांबळे होता, वय एक्केचाळीस, एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. आकाराम पाटील नावाचा माणूस त्यानं उभा केला होता, सहा वर्षं पोसला होता, आणि येत्या रविवारी त्याच माणसाचा बाप्तिस्मा व्हायचा होता. सोंग फार दिवस घेतलं की अंगाला चिकटतं म्हणतात. त्याच्या अंगाला काही चिकटलं नव्हतं. त्याला रोज सकाळी नव्यानं ते चढवावं लागे, आणि रोज ते तितकंच बोचे.

ब्याण्णव सालचा मे महिना. घरातल्या पंख्याची मोटर जळाली म्हणून तो ती घेऊन शाहूपुरीत गेला होता. दुकानदार म्हणाला, अर्धा तास थांबा. ऊन मी म्हणत होतं. वरच्या मजल्यावरून पेटी आणि ढोलकी ऐकू येत होती म्हणून तो जिन्यानं वर गेला, सावलीला. पत्र्याचं छप्पर, चाळीसेक माणसं, सतरंज्या. दाराशी टेकून बसला. सयाजी पास्टर बोलत होते. हा गृहस्थ पूर्वी इचलकरंजीत मागावर होता, त्या खडखडाटात बोलायची सवय लागलेली, त्यामुळं छोट्या खोलीतही ओरडूनच बोलायचा. "तुला वाटतंय तुजी किंमत लोक ठरवत्यात," पास्टर ओरडत होते. "सायेब ठरवतोय, शेजारी ठरवतोय. आरं, एकानं तुज्यासाठी जीव टाकलाय! त्यो काय येडा हुता? किंमत कळल्याबिगार कोन जीव टाकतंय का?" बोलणं साधंच, बाजारातलंच म्हणा. पण प्रसेनजीतच्या डोळ्यांना धारच लागली. त्याला स्वतःलाच कळेना, ह्या पत्र्याखाली, परक्या लोकांत, हातात जळकी मोटर घेऊन आपण का रडतोय.

कळेना म्हणण्यात अर्थ नाही, कळत होतं. कचेरीत शेजारच्या टेबलावर नृसिंहराव बसत. वाईट माणूस नव्हता. डबा वाटून खायचा, आबांच्या तब्येतीची चौकशी करायचा. पण कुणाची बढती निघाली, कुणाच्या पोराला कुठं जागा मिळाली, की सुपारी कातरता कातरता सहज म्हणायचा, "तुमचं बरं असतं, कांबळे." एवढंच. त्यात शिवी नव्हती, आवाजही चढलेला नसे. अकरा वर्षं आठवड्यातून दोनदा तरी प्रसेनजीतनं ते वाक्य ऐकलं आणि हसून सोडून दिलं. वास्तविक तो खुल्या यादीतून लागला होता, जिल्ह्यात चौथा नंबर. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, कारण नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशीच आबांनी बजावलं होतं, "सांगत सुटू नगंस. तू सांगितलंस की बाकीची आपली पोरं खाली पडत्यात. त्येंचा हक्क हाय त्यो, भीक न्हवं." आबांचं बरोबर होतं. त्यांचं नेहमी बरोबर असे. तू कुणापेक्षा कमी न्हाईस, हे त्यांनी त्याला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याला ते पाठ होतं, इतिहासातल्या सनावळीसारखं पाठ. परीक्षेत लिहिता आलं असतं. पण कचेरीत कुणी पूर्ण नाव विचारलं, त्यानं सांगितलं, की पुढच्या माणसाच्या तोंडावर जरा काहीतरी थांबायचं आणि मग तो जरा जास्तच गोड बोलायला लागायचा. त्या थांबण्यावर आबांचं पाठांतर चालत नसे. त्या पत्र्याखाली मात्र कुणीतरी म्हणत होतं की तुझ्याबद्दलचा निकाल कधीच लागून गेलाय, आणि तो तुझ्या बाजूनं लागलाय. त्याला ते खरं वाटलं. डोक्यानं पटलं असं नाही, तहानेल्याला पाणी पाणीच आहे हे कळतं तसं कळलं.

आणि मग सयाजी पास्टर म्हणाले, "आज नवीन कोन आलंय? उभं ऱ्हावा, नाव सांगा." त्या मंडळीची ही रीतच होती. नवा माणूस उभा राहायचा, नाव सांगायचा, सगळे टाळ्या वाजवून त्याला सलाम करायचे. तो उभा राहिला. गालावरचं पाणी अजून सुकलं नव्हतं. चाळीस तोंडं वळली. त्याला वाटलं, आत्ता नाव सांगितलं की आत्ताच ह्या तोंडांवर ते थांबणार. निदान इथं नको, आज नको. "आकाराम पाटील," तो म्हणाला. कुठून आलं ते नाव? गावच्या शाळेत त्याच्या वर्गात एक आकाराम पाटील होता. गोरा, सुस्त, अभ्यासात ढ. पण तो वर्गात आला की पोरं आपोआप सरकून जागा करायची. त्यानं मागितली नव्हती कधी, लोकच करून द्यायचे. वीस-पंचवीस वर्षं आठवला नव्हता आणि नेमका त्या दिवशी जिभेवर येऊन बसला.

पुढची गंमत अशी की दुसऱ्या रविवारी त्याच्यासाठी खुर्ची आली. ज्ञानू म्हणून एक तरणा शेतकरी होता मंडळीत, त्यानं लगबगीनं कुठून तरी खुर्ची आणून भिंतीशी ठेवली, "बसा पाटील." बाकी सगळे सतरंजीवर. तिसऱ्या रविवारी त्याला उमगलं की त्या चाळिसांत तीसजण कांबळे, आवळे, असेच आहेत. चार घरं धुंडाळली असती तर नात्यागोत्यातलेच निघाले असते. ज्या थांबण्याला भिऊन तो खोटं बोलला, ते थांबणारं तिथं कुणी नव्हतंच. आणि तरी त्याच लोकांनी पाटील म्हटल्यावर त्याला खुर्ची दिली होती. हसावं की रडावं. त्याच दिवशी उठून सांगितलं असतं तर लोक हसले असते, पाठीवर थाप मारली असती, विषय मिटला असता. तो खुर्चीवर बसला. नंतर दर रविवारी खुर्चीवर बसला. पाटलाच्या घरातला माणूस प्रभूकडं आलाय, ही मंडळीला मिरवण्यासारखी गोष्ट होती, बाहेरगावचा पाहुणा आला की ते त्याला पुढं करत. एकदा साक्ष द्यायला, म्हणजे आपण प्रभूकडं कसे आलो ते सांगायला, उभं केलं तेव्हा तो म्हणाला, घरच्यांचा विरोध आहे. बायका चुकचुकल्या. यल्लव्वानं तेव्हापासून त्याच्या घरच्यांसाठी प्रार्थना करायचं मनावर घेतलं.

विश्वास मात्र खरा होता, सगळी गोची तिथंच होती. खोटा असता तर सोंग सुखानं वठवता आलं असतं. मोरीत नळ सोडून तो रोज पहाटे प्रार्थना करी आणि त्यात त्याला नाव लागतच नसे, 'मी' म्हटलं तरी भागे. त्या पाच मिनिटांत तो कुणाचा कोण होता हे त्याला स्वच्छ कळे. दिवसभर कचेरीत त्याची पाठ पूर्वीपेक्षा ताठ राही, नृसिंहरावांचं वाक्य आता कानाच्या पाळीपर्यंत येऊन परत जाई. पण रविवारी मंडळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, प्रभू, तुझ्या ह्या लेकराला, आकारामला आशीर्वाद दे, आणि ते सगळं त्याच्या डोक्यावरून पलीकडं निघून जाई. त्याच्या टेबलावर रोज अशी पाकिटं येत. पत्ता नीट, नाव नीट, वर शिक्का मारलेला: सदर इसम मिळून येत नाही. लोक ज्याच्यावर माया करत होते तो इसम मिळून येत नव्हता. त्याला वाटे, देव मला ओळखतो हे खरं असेल, पण माणसं आकारामला ओळखतात, आणि मी ह्या दोघांच्या मध्ये चोरासारखा उभा आहे.

नावाचीच गोष्ट निघाली तर आणखी एक आहे, ती त्यानं निशालाही, म्हणजे बायकोलाही, कधी सांगितली नव्हती. निशाला रविवारचं ठाऊक होतं, आबांना तो कचेरीत जातो म्हणून सांगे. "तुमचं तुम्ही बघा, पण आबांना तुम्हीच सांगायचं," एवढंच ती म्हणाली होती. ही गोष्ट त्रेसष्ट सालची. आबांनी छप्पन साली धम्म घेतला, देव्हारा उचलून ओढ्यात सोडला, आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला त्याचं नाव ठेवलं प्रसेनजीत. बुद्धाच्या वेळचा राजा. स्वतःचं यल्लाप्पा हे नाव त्यांनी बदललं नाही. म्हणत, आईनं ठेवलंय, आईचा काय गुन्हा? मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर शाळेत घेऊन गेले. मास्तर म्हणाले, "येवडं मोठं नाव कशाला रं तुला? ज्ञानू लिवतो. गुणाचं नाव हाय." आबा म्हणाले, "लिवायचं तर ह्येच लिवायचं." मास्तरांनी दप्तर मिटलं. आबा शाळेच्या पायरीवर बसले. कापणीचे दिवस होते, रोजगार बुडवून बसले. दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशी बसले. कुणाला शिवी नाही, आरडाओरडा नाही, नुसते मांडीवर हात ठेवून ताठ बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी दप्तर उघडून नाव लिहिलं. घरी ही गोष्ट सणासुदीला सांगितली जाई आणि सगळ्यांच्या छात्या फुगत. प्रसेनजीत आबांच्या शेजारी त्या पायरीवर तिन्ही दिवस बसला होता. मधल्या सुट्टीत पोरं भोवती जमून दात काढत, त्यात आकाराम पाटीलही होता, पेरू खात. आणि त्या तिन्ही दिवसांत सहा वर्षांचा प्रसेनजीत मनातल्या मनात एकच म्हणत होता, आबा, घ्या की ज्ञानू नाव. चला की घरी. त्याला बापाची लाज वाटली होती. तीन दिवस बसून बापानं जे मिळवलं, ते त्यानं एकोणतीस वर्षांनी एका दमात टाकून दिलं, कुणी मागितलंही नसताना.

आणि गेल्या महिन्यात बाप्तिस्म्याचा कागद भरताना सयाजी पास्टरनी विचारलं, पूर्ण नाव? त्यानं सांगितलं, आकाराम गणपतराव पाटील. गणपतराव. जिभेला काटाही आला नाही. जिवंत बाप घरी डोळ्याच्या ऑपरेशनची वाट बघत बसलेला, आणि ह्यानं कागदावर दुसराच बाप करून ठेवला.

शुक्रवारी कचेरीत त्यानं तीन पाकिटांवर चुकीचे शिक्के मारले. शनिवारी अर्धा दिवस असे. सुटल्यावर तो सरळ कपिलतीर्थ मार्केटात गेला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. माफी मागायची होती एवढं नक्की, पण कशाची, आणि कोण म्हणून? यल्लव्वा पोत्यावर बसून कोथिंबिरीच्या पेंढ्यांवर पाणी शिंपडत होती. तिनं वर बघितलं. "काय देऊ पावणं?"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "अव्वा, माझं नाव आकाराम न्हाय."

"ठावं हाय," यल्लव्वा म्हणाली, आणि एका गिऱ्हाइकाला आठ आण्याच्या मिरच्या बांधून दिल्या.

"परवा म्हटलो तसं न्हवं. खरंच न्हाय. मी पाटील बी न्हाय."

"ठावं हाय म्हंतोय की."

"कधीपासनं?"

"पयल्या प्रीतीभोजनापासनं, सगळी मंडळी संगट जेवली तवा." तिनं हात पदराला पुसले. "पेलं कमी पडलं हुतं. मी तांब्या घिऊन पानी वाडत हुतो. तुज्याजवळ आलो, तवा तू वंजळ केलीस. व्हय का न्हाय? बरं, वंजळीनं रानात पाटील बी पितोय. पर तू वंजळ करायच्या आदी एक पाऊल मागं सरकलास. तांब्याला हात लागंल म्हनून. पाटलाचं पोरगं कशाला मागं सरकंल रं? जलमभर मी तसंच मागं सरकलोय. मला कळंना व्हय?"

प्रसेनजीतला ते आठवत नव्हतं. त्यानं आठवायचा प्रयत्न केला आणि आठवण्याची गरजच पडली नाही, त्याच्या कोपरांना, पाठीच्या कण्याला, टाचांना ते ठाऊक होतं. लहानपणी गावात विहिरीवर असंच पाणी मिळे, वरून ओतलेलं, आणि आईनं शिकवलेलं, आधी मागं हो. त्याचे कान तापले. मार्केटातल्या सगळ्या लोकांसमोर कुणीतरी अंगावरचा सदरा काढून घ्यावा तसं झालं. सहा वर्षं. सहा वर्षं तो त्या खुर्चीवर पाटील होऊन बसला होता आणि समोरच्या सतरंजीवरून ही बाई त्याला बघत होती.

"मग सांगितलं का न्हाईस कुणाला?"

"तुजं नाव हाय. मी कशाला सांगू? तूच सांगायचं." तिनं मिरच्यांचा ढीग सारखा केला. "त्या खुर्चीची मला लाज वाटायची. तुजी न्हाय, आमची. पाटील म्हटल्याबरूबर खुर्ची आनली आमी. येशूच्या घरात."

"आणि रोज आकारामसाठी प्रार्थना करत होतीस ती?"

"सभेत नाव घ्यायचो, लोकांम्होरं. घरात कशाला घेऊ?" यल्लव्वा म्हणाली. "घरात म्हनायचो, देवा, त्यो मागं सरकनारा गडी हाय बग, त्येला जवळ घे. त्येला कळतंय की कोन त्ये."

शरमेनं माणूस जमिनीत जातो म्हणतात, तसं काही घडलं नाही, तो तिथंच कोथिंबिरीसमोर उकिडवा बसून राहिला आणि शरम त्याच्यावरून जात राहिली. सहा वर्षं त्याला वाटत होतं की त्याच्या वाट्याची माया एका नसलेल्या माणसाच्या पत्त्यावर जातेय. ती तर रोज त्याच्यापर्यंत येत होती. आकारामला कुणी मागितलंच नव्हतं देवाजवळ. मागितलं होतं ते त्याला, खोटं बोलणाऱ्याला, पाऊलभर मागं सरकणाऱ्याला, त्याला तसाच्या तसा बघून. सयाजी पास्टर पहिल्या दिवशी जे ओरडून सांगत होते ते हेच होतं, आणि त्याला वाटलं होतं ते आपल्याला कळलं. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण फार खोल कुठंतरी, वरचं सगळं लाजेनं भरलेलं असताना. आपल्याला कुणी बघितलेलं नाही ह्या समजुतीवर तो इतकी वर्षं जगला होता, आणि आता ती समजूत गेल्यावर त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"परवा वाईट वाटलं," यल्लव्वा म्हणाली. "आकाराम न्हाई म्हनलास त्येचं न्हाय. बापाम्होरं मला वळख दिली न्हाईस त्येचं."

"चुकलं माझं."

"आता नाव सांग."

"प्रसेनजीत."

"परसेनजीत." तिनं तोंडात घोळवून बघितलं. "लांबडं हाय. राजाचं वाटतंय. बापानं ठेवलं?"

"व्हय."

"मग बापाला सांगून ये जा. उद्या पान्यात उतरायचंय तुला." आणि तिनं त्याच्या हातात एक पेंढी कोंबली, घरी ने म्हणून.

संध्याकाळी आबा कॉटवर बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते. निशा स्वयंपाक करत होती. प्रसेनजीतनं रेडिओ बंद केला आणि खाली फरशीवर बसून सांगायला लागला. आधी विश्वासाचं सांगितलं, कारण ते त्याला सोपं वाटलं. "आयतवारी तू आफिसात जात न्हाईस ह्ये मला कवाच कळलंय," आबा म्हणाले. "आफिसातनं आलेल्या मानसाचं बोलनं तसं नसतंय. तू जेवून आल्यावानी बोलतोस." मग पुढं म्हणाले, "मी देव सोडला. मला कुनी इचारलं न्हवतं, मी कुनाला इचारलं न्हवतं. तू धरलास. मला त्ये पटत न्हाय, मरंपतूर पटायचं न्हाय. पर तुजं तू." प्रसेनजीतला वाटलं, इथंच थांबावं. फार सोपं झालं असतं. त्यानं पुढचं सांगितलं. आकाराम पाटील सांगितला. कागद सांगितला, आणि कागदावरचं मधलं नाव सांगितलं.

आबांचा एक डोळा पट्टीखाली होता. दुसऱ्यानं ते त्याच्याकडं बघत राहिले. स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला.

"कोन गनपतराव?"

"कुणी न्हाय, आबा. असंच लिवलं."

आबा भिंतीकडं तोंड करून निजले. जेवायला उठवलं तर उठले नाहीत. प्रसेनजीत तिथंच फरशीवर बसून राहिला. निशानं एकदा येऊन त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि नंतर तसंच परत नेलं. बऱ्याच वेळानं भिंतीकडूनच आबांचा आवाज आला. "ताठ हुभं ऱ्हायाय मिळावं म्हनून सगळं केलं आमी. तू दुसरीकडं जाऊन हुभा ऱ्हायलास, ऱ्हा. पर तितं बी वाकून खोटं बोललास? आनि तुजा देव तुला वळखतो म्हंतोस, मग त्येच्याम्होरं कुनाला भ्यालास?" प्रसेनजीतनं पांघरूण ओढून त्यांच्या पायांवर घातलं. "उद्या मी येनार," आबा म्हणाले.

"कशाला, आबा?"

"ऐकाय."

रविवारी सकाळी मंडळी कळंब्याच्या पुढं ज्ञानूच्या उसात जमली. विहिरीजवळ सिमेंटचा मोठा हौद होता, मोटर लावून भरलेला. प्रसेनजीतनं आबांना हौदाच्या काठाशी दगडावर बसवलं, सयाजी पास्टरना बांधावर बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. पास्टर आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "कागद मी फाडतो," ते म्हणाले, "पर सांगायचं तूच, सगळ्यांम्होरं." पांढरा सदरा-पायजमा घालून प्रसेनजीत हौदात उतरला, मागोमाग पास्टर. पाणी छातीपर्यंत आलं, गार होतं. काठावर चाळीस तोंडं होती. यल्लव्वा आबांच्या शेजारी उभी होती, पदर डोक्यावरून घेऊन.

"तुजं नाव सांग," पास्टर म्हणाले.

त्यानं मंडळीला आधी एवढंच सांगितलं की सहा वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो, मला माफ करा. मग नाव सांगितलं. "प्रसेनजीत यल्लाप्पा कांबळे." ज्ञानूनं मान खाली घातली आणि चपलेनं माती उकरायला लागला. एक बाई दुसरीच्या कानाशी वाकली. प्रसेनजीतला वर बघवेना. त्याला वाटलं होतं की खरं बोलल्यावर मोकळं वाटेल. इतकी लाज त्याला खोट्यातही वाटली नव्हती. पण ह्या वेळी ती त्याची होती, त्याच्याच नावावर होती, आणि ती घेऊन तो तिथंच उभा राहिला, मागं सरकला नाही. पास्टरनी एक हात त्याच्या पाठीवर आणि एक छातीवर ठेवला.

"थांबा वो जरा," काठावरून आबा म्हणाले.

पास्टर थांबले.

"आनि एकदा म्हन," आबा म्हणाले.

"ऐकू आलं न्हाय का, आबा?"

"आलं की. मधलं बारीक म्हनलास."

प्रसेनजीतनं मान वर केली. हिरव्या पट्टीचा तो म्हातारा दगडावर मांडीवर हात ठेवून ताठ बसला होता. प्रसेनजीतनं परत नाव सांगितलं, सगळं, एकेक शब्द सुटा करून, आणि मधला शब्द एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या उसात पाणी पाजणाऱ्या गड्यानं डोकं वर काढून बघितलं.

"हां," आबा पास्टरना म्हणाले. "आता घाला त्येला पान्यात."